जव जुनं नव्हतं

बा,

आत्यानं काल मला तो प्रश्न विचारला. तुला तिनं तो एकदाच विचारला होता, परत कधी नाही. तुझ्या मागं इतकी वर्षं गेली, गावातही कुणाला विचारला नाही. मी आलो, गठुडं उतरवलं, जरा कुठं बूड टेकलं, तर मला म्हणाली, "तू मुलूख फिरून आला. जवाच्या कारखान्यात राबलो म्हणतो. मंग सांग बरं, आपल्या धाकलीच्या बखतीला पेज पातळ काहून झाली न्हाई?" मी म्हटलं, मला काय ठाऊक आत्या, मी तेव्हा केवढा. ती म्हणाली, "भाऊनं पीठ चाखलं अन् म्हणला, जव जुनं व्हतं. पर मी इचार करून राहिले, जव जुनं असतं तर त्याला असे मोड आले असते का?" एवढं बोलून ती माझ्याकडं बघत राहिली. तिच्या एका डोळ्यात आता फूल पडलंय, पण उरलेल्या डोळ्यानं ती दोन्हींचं बघते. मी उठून बाहेर आलो, मेंढवाड्याच्या कुडाला टेकून बसलो, आणि आज तिथंच बसून तुला लिहितोय. मेंढवाडा रिकामा आहे. आत गवत माजलंय. पण जमीन ओली झाली की लेंड्यांचा वास अजून वर येतो, जशी मेंढरं आत्ताच चरायला गेलीत.

माझ्यासमोर तुझी घोंगडी आहे. ओली. तिच्यात जव आहे, मुळ्या फुटलेलं. ते ज्या लेकरासाठी आहे ते माळ्याच्या घरचं आहे. हे ऐकून तू मान वर करशील, कारण तुझी धाकली लेक गेल्यापासून आत्यानं त्या घरचं पाणी चाखलं नव्हतं. माळ्याची लेक औंदाच्या लुटालुटीच्या धामधुमीत गाव सोडून वऱ्हाडात गेली, तिथं कुणाच्या तरी पडवीत बाळंत झाली आणि ताप येऊन गेली. म्हातारा नातीला उपरण्यात गुंडाळून परत आला. पोरगी एवढीशी आहे, सुपात ठेवली तर सूप रिकामंच वाटावं. दूध ओकून टाकते, घट्ट पेज गिळत नाही, पाणी वाढवलं तर पोटात नुसतं पाणी जातं. मी यायच्या आधीचं आत्या सांगते, म्हातारा आमच्या दारात येऊन उभा राहिला. आत यायची हिंमत नव्हती. म्हणाला, "आत्याबाई, तुमच्या घरी ती जवाची रीत व्हती." आत्यानं त्याला बराच वेळ तसंच उभं ठेवलं. मग म्हणाली, "जव आणा. पर औंदाचं आणा, माझ्या डोळ्यांसमोर पोत्यातून काढा. मागल्यासारखं जुनं मला चालायचं न्हाई." म्हाताऱ्याची मान खाली गेली. त्यानं जव आणलं. आता ते सुकत आलं की आत्या तवा ठेवणार, मागं ठेवला होता तसाच. आणि तव्यावर गेलं की त्या जवातली ताकत मरणार. हे मला ठाऊक आहे, तुला ठाऊक होतं, तिला नाही. सांगावं तर तिला कळणार की धाकली कशानं गेली. न सांगावं तर हीही जाणार. तू न सांगता निभावलंस. मला ते जमेल असं वाटत नाही, म्हणून हा कागद घेऊन बसलोय.

कागदावरून आठवलं, लिहायला मी तुझ्या मागं शिकलो. तू मला सरकारी उर्दू मदरशात घातलं होतंस, तिथं अलिफ-बेच्या पुढं माझं मन लागलं नाही. बाळबोध अक्षर शिकलो ते रेल्वेच्या खडीवर, एका म्हाताऱ्या मुकादमाकडून. त्याला घरी पत्र लिहायचं असायचं आणि हात कापायचा, म्हणून त्यानं मला शिकवलं. त्याची सगळी पत्रं मीच लिहिली. स्वतःचं हे पहिलंच. आणि येताना काय झालं ते ऐक. वाशिमकडून आलो, तर कनेरगावच्या नाक्यावर शिपायानं गठुडं सोडायला लावलं. आत एक सदरा, एक चादर, आणि फडक्यात बांधलेलं कारखान्यातलं मोडवून वाळवलेलं जव. त्यानं दाणा चावला. गोड लागला तसा परत चावला. "ये क्या है? घोडे का दाना?" मी म्हटलं, जी. "घोडा किधर है?" मी म्हटलं, मैं ही हूँ. तो खोखो हसला, दोन मुठी खिशात घातल्या आणि मला सोडलं. उरलेलं मी वाटेनं चघळत आलो, हट्टा गावी पोचेपर्यंत फडकं झटकून मोकळा. आज ते जवळ असतं तर आत्याला तवा ठेवायची वेळच आली नसती. माझं असंच आहे बघ. हातातलं वाटेत संपतं.

तर तुझी रीत. गाडग्यात जव भिजत घालायचं, पाण्याला वास यायच्या आत पाणी बदलायचं. मग निथळून ओल्या घोंगडीत गुंडाळायचं आणि सावलीत ठेवायचं. सकाळ-संध्याकाळ तू घोंगडी उघडायचास आणि खालचे दाणे वर, वरचे खाली करायचास, लोकरीत गोचीड शोधावी तितक्या हलक्या हातानं. हलवलं नाही तर मुळ्या एकमेकींत गुंततात आणि ढीग आतून तापतो. मी हात घातला की आत ऊब लागायची, झोपलेल्या जनावराच्या पोटाला लागते तशी. मी विचारलं, बा, आत काय आहे? तू म्हणालास, "जागं होऊन राहिलं." एवढंच. मुळ्या दाण्याएवढ्या झाल्या की कोंबानं सालीबाहेर डोकं काढायच्या आत पसरायचं. उन्हात, आणि ऊन नसेल तर फडक्यात बांधून चुलीच्या खूप वर टांगायचं, हात धरला तर सोसेल तिथं. वाळलं की चोळून मुळ्या झाडायच्या, जात्यावर दळायचं, फडक्यातून चाळायचं. गावातल्या बाया तुला हसायच्या, जवाची कसली हौस, घरात ज्वारी आहे तिचे मोड काढा की. तू म्हणायचास, "ज्वारीच्या कोंबानं मेंढरू मरतं, ते लेकराला कसं देऊ?" कोवळ्या ज्वारीत घुसलेली मेंढरं थरथरून जागच्या जागी पडलेली तू पाहिली होतीस. बायांनी नव्हती पाहिली.

माय गेली ती धाकलीला जन्म देऊन. शेळीचं दूध धाकलीला पचलं नाही. तेव्हा तू चुलीपुढं बसलास. तुला भाकरी थापता येत नव्हती, पण हे येत होतं, तुझ्या आईनं कुणा लेकरासाठी केलेलं तू पाहिलं होतंस. ज्वारीच्या पिठाची पेज शिजायची, पळी उभी राहील इतकी घट्ट. तू ती खाली उतरवायचास, बोट घालायचास, थांबायचास, परत बोट घालायचास. मग चिमूटभर मोडाचं पीठ टाकून ढवळायचास. आधी काहीच होत नाही. मग पळी जरा हलकी होते. मग एकाएकी हाताला काही लागतच नाही, आणि उचललेल्या पळीवरून धार सुटते. पाणी घातलेलं नाही, दाणा तेवढाच, आणि पेज चोचीच्या बोंडल्यातून ओतता येईल अशी. "उतरली," तू म्हणायचास. बोट चाटलं तर गोड. गूळ नाही, काही नाही. धाकली बोंडल्याला तोंड लावून अशी प्यायची की श्वास घ्यायचं विसरायची, आणि मग "हां" करून तुझ्याकडं बघायची. तिच्या मनगटाला वळ्या पडल्या. आत्या तिला मांडीवर घेऊन म्हणायची, "माझ्या भावाला थान न्हाई तेवढं, बाकी मायच हाय तो." तू लाजायचास. हो, लाजायचास, मी पाहिलंय.

एकदा मी घाईत उकळत्या पेजेतच पीठ टाकलं. तू माझ्या कानफटात दिलीस. तुझ्या हातची ती एकच. "आधी बोट! बोटाला सोसलं तर पीठ, न्हाई तर न्हाई!" मी रडायला लागलो. आत्या चुलीपलीकडून म्हणाली, "लेकराचं तोंड पोळंल म्हणून सांगून राहिला तो. काहून रडतो?" तू तिच्याकडं नुसतं बघितलंस. त्या वेळी तू तोंड उघडलं असतंस ना बा. तोंड पोळण्याचं नाही, पीठ पोळण्याचं आहे, इतकंच म्हणायचं होतं. पण तू मेंढरांशी जेवढं बोलायचास तेवढंही माणसांशी बोलला नाहीस. आत्याला वाटलं, बोटाचा नेम लेकराच्या तोंडासाठी आहे. तीही मग बोट घालायची, फार मनापासून घालायची.

मग तो पावसाळा. पीठ संपत आलेलं. माळी मळ्यातलं जव धोतराच्या ओच्यात घेऊन येतो, आमच्या ओसरीवर ओततो आणि म्हणतो, "लेकरासाठी हाय. बदल्यात काही देऊ नका, मला वाईट वाटंल." तुम्ही दोघं चिलीम ओढत बसता. तू ते जव मोडवतोस. पसरायच्या दिवशीच तुला मेंढे घेऊन वसमतच्या बाजाराला निघावं लागतं. जाताना आत्याला म्हणतोस, "वाळलं की दळ." झालं. कसं वाळवायचं, किती उबेला, हे नाही. तू निघतोस आणि मागं नदीला पूर येतो. तू पलीकडं, आम्ही अलीकडं. पाऊस थांबत नाही. लाकडं ओली, चुलीचा धूर घरभर, वर टांगलेलं जव वाळायचं नाव घेत नाही. त्याला आंबूस वास यायला लागतो. दाणे हाताला चिकट लागतात. आत्या ते खाली उतरवते, वास घेते, आणि म्हणते, "असलं कच्चं, आंबलेलं लेकराच्या पोटात घालू? हगवण लागंल तिला." आणि बा, आपल्याकडं आजाऱ्याला, बाळंतिणीला, लेकराला जे काही देतात ते आधी भाजतात. रवा असो, डाळ असो, ज्वारी असो. भाजलं की हलकं होतं, पचतं. कच्चं दळून लेकराला देणारी बाई या मुलखात शोधून सापडायची नाही. आत्यानं जे केलं ते कोणत्याही मायेच्या बाईनं केलं असतं. तिनं तवा ठेवला. जाळ बारीक केला. फडक्याच्या बोळ्यानं हलवत राहिली, एक दाणा करपू दिला नाही. दाणे तांबूस झाले आणि घरात असा वास सुटला की शेजारीण कुडावरून विचारायला लागली, काय करून राहिल्या आत्याबाई, सण हाय का? आम्ही चिमूटचिमूट खाऊन बघितलं. आत्या म्हणाली, "भाऊ आला की खूश व्हईल."

पेज उतरली नाही. आत्यानं बोट घातलं, पीठ टाकलं, ढवळलं. पळी उभीच. तिनं अजून पीठ टाकलं, अजून. "उतर ग बाई," ती पेजेला म्हणायला लागली, "उतर की." मग पाणी घातलं. धाकली पाणी प्यायची, पोट टम्म व्हायचं, आणि थोड्या वेळानं परत रडायची. घट्ट पेज बोटानं जिभेवर ठेवली तर तोंड फिरवायची. दिवस गेले. मनगटाच्या वळ्या सुटल्या, तिथं नुसती सुरकुतलेली कातडी राहिली. मग ती रडायची थांबली, तर आत्याला बरं वाटलं. म्हणाली, "निजतीय. निजू दे." तू आलास तेव्हा तुझ्या अंगावरचं पाणी उंबऱ्यापासून चुलीपर्यंत सांडत आलं. तू आधी लेकराला पाहिलंस, मग पिठाचं गाडगं घेतलंस. चाखायच्या आधी तू वास घेतलास. मग भिंतीला टेकवलेल्या तव्याकडं बघितलंस. तेव्हा मला वाटलं तुला भाकरी हवीय. आत्या हात जोडून म्हणत होती, "भाऊ, मी सगळं बराबर केलं. बोट घातलं. तरी उतरंना. काहून उतरंना?" आणि तू पीठ जिभेवर ठेवून, बराच वेळ ठेवून, म्हणालास, "जव जुनं व्हतं."

उरलेलं जव तू त्याच दिवशी भिजत घातलंस. जर जुनं होतं तर भिजत का घातलंस, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. जव आपल्या चालीनं जागं होतं, त्याला घाई करता येत नाही. मुळ्या फुटायच्या आत धाकली गेली. तू तिला पुरून आलास, पाय धुतलेस, आणि येऊन घोंगडी उघडलीस. खालचे दाणे वर, वरचे खाली. आत्या म्हणाली, "भाऊ, आता कुणासाठी?" तू हात काढला नाहीस.

पुढं जे झालं ते तुला नको असेल ऐकायला, तरी ऐक. तुझ्या त्या एका वाक्यानं आत्या वाचली आणि माळी बुडाला. तिनं त्याला विहिरीवर गाठलं, चार बायांसमोर. "लेकराच्या तोंडात कुजकं जव घातलं! फुकट दिलं म्हणून काय झालं, फुकट तर ईख बी मिळतं!" त्याच्या हातात पोहरा होता, तो त्यानं तसाच विहिरीत जाऊ दिला. त्यालाही वाटलं असेल, कुणास ठाऊक, खरंच जुनं पोतं गेलं असेल आपल्या हातून. ते ऐकून तू घरी मान खाली घालून भाकरी खात होतास. मळ्याकडं जाणं तू बंद केलंस. चिलीम एकट्यानं ओढायला लागलास, मग खोकला लागला, मग पुढच्या हिवाळ्यात तूही गेलास, आणि मी मेंढरं आत्यावर टाकून निघालो. मला वाटायचं मला मुलूख बघायचाय. खरं तर मला ती ओली घोंगडी बघवत नव्हती.

कुठंकुठं गेलो ते सांगत बसलो तर कागद पुरायचा नाही. गुऱ्हाळावर राहिलो, खडीवर राहिलो, एका सर्कशीत हत्तीला चारा घातला. लढाईच्या दिवसांत उत्तरेकडं, थंड डोंगरात, गोऱ्या सोल्जरांसाठी जवाची दारू करायचा कारखाना होता, तिथं लागलो. पहिल्याच दिवशी मला एका लांबच लांब खोलीत नेलं, फरशीवर गुडघाभर जव पसरलेलं, मोड फुटलेलं, आणि माणसं लाकडी फावड्यांनी खालचं वर, वरचं खाली करत होती. मी दारातच थांबलो. मुकादम ओरडला, काय झालं, भूत बघितलं का? मी आत गेलो, वहाणा काढल्या, पायाला तीच ऊब लागली. इतक्या मोठ्या खोलीत, इतक्या लांब, तुझी घोंगडी उलगडलेली होती.

तिथं एक पंजाबी बाबू होता, काचेच्या नळ्यांतून जवाचं पाणी तपासायचा. मला बोलायची खोड, त्याला ऐकवायची. त्यानं सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. दाण्यातलं पीठ म्हणजे लांबच लांब धागे, कताईच्या आधी लोकर गुंतलेली असते तसे. शिजवलं की ते फुगतात, एकमेकांत अडकतात, म्हणून पेज घट्ट. दाणा जागा झाला की त्याच्या सालीखालून एक रस सुटतो. बाबू त्याला डायस्टेज म्हणायचा. त्या रसात कात्र्या असतात असं समज. एक कात्री धागा मधेच कुठंही कापते, त्यानं पातळ होतं. दुसरी टोकाकडून नेमानं बारके तुकडे पाडत येते, ते तुकडे म्हणजे साखर. दुसरी कोरड्या दाण्यात आधीपासून निजलेली असते, पहिली मोड येताना घडते. दाण्याच्या पोटात त्याचं लेकरू असतं, कोंब, त्याला भरवायला दाणा स्वतःचा साठा स्वतः कापतो. आपण मधे येऊन तो वाळवतो आणि कात्र्या पळवतो. "मगर आग से बचाके," बाबू म्हणाला. गरम पेजेत कात्र्या चपळ होतात, उकळत्यात मरतात. मला तू कानफटात दिलेली आठवली, कान खरंच गरम झाला. मग तो मला भट्टीकडं घेऊन गेला. एका बाजूला हळूहळू वाळवलेलं फिकं जव. दुसऱ्या बाजूला काळ्या दारूच्या रंगासाठी पिंपात भाजलेलं. त्यानं पिंपाचं झाकण काढलं आणि वास आला.

बा, तोच वास. आत्याच्या तव्याचा. शेजारणीनं कुडावरून विचारलेला. बाबूनं तांबूस दाणे तळहातावर घेतले, हुंगले आणि म्हणाला, "ये मर गया. खुशबू है, जान नहीं." मी तिथंच खाली बसलो. तुझं तव्याकडं बघणं तेव्हा मला कळलं. तोवर मीही आठवण आली की माळ्यालाच शिव्या घालायचो.

आत्या हाक मारून राहिलीय. इथं थांबतो.

परत कागद धरला. मधे दिवस गेले. आता जे झालं ते सांगतो.

दाणे निम्मे सुकले होते. मी त्या दिवशी सकाळीच तवा घेऊन माळ्याकडं नेऊन दिला, त्याला म्हटलं, वापरा, आम्हाला नकोय. तो बिचारा तवा हातात घेऊन बघत राहिला, इतक्या वर्षांनी आमच्या घरून आलेली पहिली वस्तू. मी खूश होऊन परत आलो तर आत्यानं चुलीवर खापर चढवलेलं. "तवा सापडंना, म्हणलं खापर तर हाय." आणि सूप मांडीवर. मी म्हटलं, "आत्या, नको भाजू."

"काहून?"

"तिकडं कारखान्यात भाजत नाहीत."

"दारूवाल्यांचं मला सांगून राहिला? ते काय लेकरं पाजतात?" ती हसली. तिचा एक दात राहिलाय पुढं. "लेकराच्या पोटात कच्चं घालू व्हय? तुझ्या धाकलीला मी..." आणि तिची मूठ खापरावर तशीच राहिली, दाण्यांनी भरलेली, खाली गरम खापर. मी काही तरी बोलायला हवं होतं, ऊन चांगलं आहे म्हणून, काहीही. एरवी माझ्या तोंडाला कुलूप नसतं.

"भाऊ म्हणला व्हता, जव जुनं."

"व्हय."

"जुनं व्हतं?"

मी खापराकडं बघितलं. तूही असंच तव्याकडं बघितलं होतंस. तिनं मूठ परत सुपात रिकामी केली, सावकाश, एक दाणा सांडू न देता. पदरानं खापर धरून खाली ठेवलं. मग चुलीतलं लाकूड ओढून त्यावर पाणी टाकलं. म्हणाली, "भाऊला ठाऊक व्हतं?" मी म्हटलं, व्हय. ती म्हणाली, "अन् माझ्या हातची भाकर खात राहिला." रडली नाही. दाणे घेऊन उन्हात गेली, तुझ्या घोंगडीवर पसरले आणि चिमण्या हाकत बसली. सूर्य सरकला तशी घोंगडी सरकवत राहिली. जेवली नाही.

दळण तिनं केलं, चाळलंही तिनं. मला हात लावू दिला नाही. माळ्याच्या ओसरीवर गेलो. नात आजोबाच्या मांडीवर डोळे मिटून होती, तोंड उघडं, ओठ कोरडे. पेज तयार होती, पळी उभी. आत्यानं बोट घातलं. थांबली. परत बोट घातलं. चिमूट टाकली आणि ढवळायला लागली. माळी वाकून बघत होता. आधी काही झालं नाही. मग आत्याचा हात एकदम हलका झालेला मला दिसला, आणि तिनं पळी उचलली तर धार.

"उतरली!" म्हातारा ओरडला. "आत्याबाई, उतरली की!"

आत्यानं बोंडलं भरलं, पोरीच्या ओठाला लावलं. पोरगी आधी तशीच पडून राहिली. मग घसा हलला. मग परत हलला. अर्धं बोंडलं संपलं तेव्हा आत्या माळ्याकडं न बघता म्हणाली, "मामा, तुमचं जव चांगलं व्हतं. त्या बखतीला बी." म्हाताऱ्याचे हात पोरीखाली होते, नाही तर त्यानं डोळे पुसले असते. मग म्हणाला, "जाऊ द्या आत्याबाई." ती म्हणाली, "जाऊ कसं देऊ?"

पोरगी पितीय. ताप आहे अजून, आज सकाळी हातपाय गार होते. जगेल का ते कुणी सांगू शकत नाही. आत्या दोन्ही वेळा तिकडं जाते, बोट घालते, पीठ टाकते, पाजते आणि येऊन भिंतीकडं तोंड करून पडते. पेज रोज उतरते, आणि रोज तिला तेच सांगते, जव जुनं नव्हतं. तिनं आपल्या हातची भाकर खाणं सोडलंय. मी थापतो त्या वेड्यावाकड्या भाकरी खाते, त्याही मी पुढं सरकवल्या तर. काल म्हणाली, कागद आहे का रे, माळ्याच्या घरी पिठाच्या पुड्या बांधून ठेवाव्या, मी नसले तरी त्यांना घालता येईल. मी हे कागद देणार आहे. तिला वाचता येत नाही, माळ्याला येत नाही. तुलाही कुठं येत होतं.

तुला एवढंच सांगायचं राहिलंय. आत्या ढवळत होती, माळी वाकला होता, लेकरू तोंड उघडं टाकून पडलं होतं, आणि पळी अजून उभी होती. त्या क्षणी त्या लेकराच्या उशाशी उभा राहून मी मनात म्हणत होतो, नको उतरू.